थायरॉइडचा रिपोर्ट कसा वाचायचा? गोळीचा डोस कधी बदलतात?

पनवेल, खारघर, कामोठे या पट्ट्यात थायरॉइडची तपासणी करून घेणं आता फार सोपं झालं आहे. सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातात, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट येतो. त्यात एखादा आकडा ठळक छापलेला असतो आणि शेजारी ‘हाय’ किंवा ‘लो’ लिहिलेलं असतं. डॉक्टरांची भेट मात्र दोन-चार दिवसांनी असते. या मधल्या दिवसांत बरेच निर्णय घरीच होऊन जातात. कोणी पन्नासची गोळी सोडून पंचाहत्तरची सुरू करतं, कोणी ‘आता नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करतं, तर कोणी पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त देऊन येतं.

तपासणी इतकी स्वस्त आणि हाताशी येण्यात याच भागाचा वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी करताना थायरॉइडच्या जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये ‘थायरोकेअर’ सुरू केली. तिची मोठी प्रयोगशाळा पनवेलपासून जवळच, तुर्भ्याला आहे. गावोगावचे नमुने एका ठिकाणी आणून मोठ्या संख्येने तपासायचे म्हणजे दर खाली येतो, हे गणित त्यांनी थायरॉइडच्या चाचणीवर बसवलं आणि पुढे इतर लॅबनाही दर कमी करावे लागले. आकडा स्वस्त झाला, पण त्याचा अर्थ सांगणारा माणूस तेवढा सहज मिळत नाही.

या आजाराचं प्रमाणही कमी नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५,३६० प्रौढांची तपासणी झाली आणि १०.९५ टक्के लोकांमध्ये हायपोथायरॉइडिझम आढळला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १५.८६ टक्के, तर पुरुषांमध्ये ५.०२ टक्के होतं. तपासणी होईपर्यंत आपल्याला हा आजार आहे हे ३.४७ टक्के लोकांना माहीतच नव्हतं.

‘थायरॉइड वाढलाय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

बोलताना आपण ‘तिचा थायरॉइड वाढलाय’ असं सर्रास म्हणतो. बहुतेक वेळा खरी परिस्थिती उलटी असते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी काम करत असते आणि रिपोर्टमध्ये वाढलेला असतो तो टीएसएच. हा टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते.

साइटवरचा मुकादम आणि कामगार डोळ्यांसमोर आणावेत. पिट्युटरी हा मुकादम, थायरॉइड हा कामगार आणि टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. काम नीट चाललं असेल तर मुकादम हळू बोलतो. काम मंदावलं की तो ओरडायला लागतो. टीएसएच वाढणं म्हणजे हे ओरडणं. उलट कामगार अंगात आल्यासारखा काम करत सुटला, किंवा गोळीचा डोस जास्त झाला, तर मुकादम गप्प बसतो आणि टीएसएच तळाला जातो.

टी-४ हे ग्रंथीचं मुख्य उत्पादन. शरीर त्यातूनच गरजेप्रमाणे टी-३ बनवतं आणि पेशींवर प्रत्यक्ष काम टी-३ करतं. तरीही हायपोथायरॉइडिझम ओळखताना टी-३चा फारसा उपयोग होत नाही, कारण ग्रंथी बरीच मंदावली तरी शरीर टी-३ शेवटपर्यंत सांभाळून ठेवतं. तो नॉर्मल दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये.

टी-४ बाबत एक गोष्ट पाहावी लागते. स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा ‘टोटल टी-४’ मोजलेला असतो. रक्तातला जवळपास सगळा टी-४ प्रथिनांना चिकटलेला असतो आणि मोकळा, म्हणजे कामाचा भाग अगदी थोडा असतो. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, त्यामुळे टोटल टी-४ उगाच जास्त दिसतो. म्हणून डॉक्टर ‘फ्री टी-४’ वेगळा करायला सांगतात. तो खर्च वायफळ नसतो.

मोठ्या माणसांसाठी टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ असते. लॅबचं यंत्र आणि किट यांप्रमाणे ती थोडी बदलते. काही रिपोर्टवर ५.५ पर्यंत नॉर्मल लिहिलेलं असतं. त्यामुळे आपला आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा आणि शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये जावं. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतो. ऐंशीच्या आजोबांचा सहाचा आकडा आणि तिशीतल्या सुनेचा सहाचा आकडा यांचा अर्थ एकच नसतो.

आकडा इतका उड्या का मारतो?

टीएसएच हा फार संवेदनशील आकडा आहे. टी-४ निम्मा झाला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही. तो कित्येक पटींनी, कधी शंभरपटीपर्यंतही वाढू शकतो. त्यामुळे ८ चा १२ झाला म्हणजे आजार दीडपट वाढला, असा हिशेब चुकतो.

दिवसभरातही तो बदलतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो सर्वांत जास्त असतो, दुपारनंतर कमी होतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं, तर डोस न बदलताही दोन रिपोर्ट वेगळे दिसू शकतात. त्याच माणसाच्या दोन तपासण्यांमध्ये ४० टक्क्यांपर्यंतचा फरक कधीकधी निव्वळ नैसर्गिक चढउतार असतो.

डेंग्यू, टायफॉइडसारख्या मोठ्या आजारातून उठतानाही टीएसएच काही काळ वर जातो आणि मग आपोआप खाली येतो. दवाखान्यातून घरी आल्या आल्या ‘फुल बॉडी चेकअप’ करून थायरॉइडचं निदान पदरात पाडून घेऊ नये. पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची. बायोटिन काही यंत्रांना फसवतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि ते चालू होतं हे डॉक्टरांना सांगावं.

टीएसएच थोडासाच जास्त असेल तर

टीएसएच जास्त आणि फ्री टी-४ नॉर्मल, अशा स्थितीला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. पॅकेजमधल्या तपासण्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. टीएसएच १० च्या वर असेल आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच राहिला, तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. ४.५ ते १० च्या मध्ये असेल तर घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की यातले अनेक जण गोळीशिवाय नॉर्मल आलेले असतात. निर्णय घेताना वय, लक्षणं, गर्भारपणाची शक्यता, गळ्याची गाठ आणि अँटी-टीपीओ ही अँटिबॉडीची चाचणी पाहिली जाते.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते आहे, असा अर्थ होतो. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. ही चाचणी एकदाच पुरते. गोळीचा डोस तिच्या आकड्यावर ठरत नाही, त्यामुळे दर सहा महिन्यांनी ती करत राहण्यात पैसेच जातात.

आयोडीनचा प्रश्नही इथेच येतो. पेण-उरणकडच्या मिठागरांचं मीठ समुद्राचं असतं, म्हणून त्यात आयोडीन भरपूर असणार असं अनेकांना वाटतं. समुद्राच्या साध्या मिठात ते नगण्यच उरतं. म्हणून तर मिठात आयोडीन वरून मिसळावं लागतं. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर आयोडीनची गरज भागते. हाशिमोटोच्या रुग्णाने त्यावर आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेतल्या तर ग्रंथी आणखी मंदावू शकते. कोबी-फ्लॉवर मात्र शिजवून खायला हरकत नाही. त्या भाज्यांचा घेतला जाणारा धसका जरा अतीच आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपातली एक मोठी चाचणी महत्त्वाची ठरली. ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या, सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम असलेल्या ७३७ जणांपैकी काहींना थायरॉइडची गोळी आणि काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली गेली. वर्षभरानंतर थकवा आणि इतर लक्षणं यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. साठी-सत्तरीतल्या थकव्याचं खापर थोड्याशा वाढलेल्या टीएसएचवर फोडण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२, झोप आणि साखर पाहिलेली बरी.

डोस कसा ठरतो?

गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. ग्रंथी बनवते तोच टी-४, फक्त कारखान्यात बनवलेला. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं वेगळी असली तरी औषध एकच. मात्रा मिलिग्रॅममध्ये नसून मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, ७५, १०० आणि त्यांच्या मधल्याही गोळ्या मिळतात. ‘पन्नासची’ आणि ‘शंभरची’ बाटली दिसायला सारखी असू शकते. मेडिकलमधून बाटली घेताना आकडा वाचून घ्यावा.

ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलं असेल तर रोजचा पूर्ण डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम पडतो. ६० किलोच्या माणसाला हा हिशेब ९६ येतो, म्हणजे शंभरची गोळी. ग्रंथी अजून थोडी काम करत असेल तर यापेक्षा कमी पुरतं. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू वर जातात. एकदम मोठा डोस दिला तर हृदयावर ताण येतो.

पुढचे बदलही लहान असतात, बहुधा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमचे. कधी डॉक्टर एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असं लिहून देतात. ते पाहून रुग्ण बुचकळ्यात पडतात, पण त्यात चूक काही नाही. रोजची सरासरी ६२.५ होते आणि हे औषध शरीरात इतकं रेंगाळतं की एक दिवसाआडचा फरक जाणवत नाही.

याच रेंगाळण्यामुळे तपासणीची घाई करू नये. घेतलेल्या टी-४ पैकी निम्मा भाग शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात. नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि पिट्युटरीला तो जाणवून तिचा आवाज बदलायलाही वेळ लागतो. म्हणून डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचा. दोन आठवड्यांत तपासला तर आकडा अर्ध्या वाटेवरचा असतो. त्यावर पुन्हा डोस वाढवला की दोन महिन्यांनी तो जास्त झालेला निघतो, मग कमी केला जातो आणि हा झोका चालूच राहतो.

डोस वाढवण्याआधी सकाळ तपासा

गेली दोन वर्षं ठीक असलेला टीएसएच अचानक नऊवर आला, तर पहिला संशय डोसवर घेऊ नये. गोळी कशी घेतली जाते ते आधी पाहावं. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्त्याच्या आधी अर्धा ते एक तास जाऊ द्यायचा. पनवेलहून सीएसएमटीला जायला लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. पहाटे उठून डबा करून गाडी पकडणाऱ्या बाईला हा अर्धा तास मिळतच नाही. गोळी आणि चहा एकदमच होतात. कधी चहा, कधी कॉफी, कधी दूध. मग औषध पूर्ण शोषलं जात नाही आणि रोज वेगवेगळं शोषलं जातं.

अशांसाठी रात्रीची वेळ चालते. शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी परिणाम तितकाच चांगला मिळतो. रात्री साडेदहाला जेवणाऱ्या घरात हे जमणार नाही, हेही खरं. सकाळ की रात्र यापेक्षा रोज एकच वेळ पाळणं महत्त्वाचं.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या टी-४ ला पोटातच बांधून टाकतात. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. पित्तासाठीचे अँटासिड आणि सोयाचे पदार्थही शोषण कमी करतात. पँटोप्राझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तरी टीएसएच वर सरकू शकतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं टी-४ चा वापर वाढवतात, तिथे डोस खरोखरच वाढवावा लागतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी.

बाटली कुठे ठेवली आहे, तेही पाहावं. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, दमट हवा आणि उजेड यांनी खराब होतं. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात गॅसशेजारच्या फडताळात झाकण सैल ठेवलेली बाटली म्हणजे या औषधासाठी सर्वांत वाईट जागा. आठवड्याच्या डबीत भरायचं तर एका आठवड्यापुरत्याच गोळ्या काढाव्यात, बाकीच्या मूळ बाटलीत राहू द्याव्यात.

आणि गोळी चुकते का, हा प्रश्न स्वतःला खरा विचारावा. रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त पण फ्री टी-४ चांगला किंवा थोडा वरच, असं चित्र दिसलं की अनुभवी डॉक्टर हसून विचारतात, ‘तपासणीच्या आधी चार दिवस नीट घेतलीत ना?’ टी-४ लगेच वाढतो, टीएसएच मात्र गेल्या दीड-दोन महिन्यांची कहाणी सांगतो. सकाळची गोळी विसरली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी.

रक्त द्यायच्या दिवशी उपाशी असण्याची सक्ती नाही, पण वेळ सकाळची आणि दरवेळी तीच असावी. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. आधी घेतली तर फ्री टी-४ काही तास वर दिसतो. टीएसएचवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

दिवस राहिले तर थांबायचं नाही

आतापर्यंत घाई करू नका असं सांगितलं, पण गर्भारपण हा त्याला ठळक अपवाद आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर अवलंबून असते, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी अजून काम करत नसते. आईची गरज २५ ते ५० टक्के वाढते, तीही अगदी सुरुवातीपासून. त्यामुळे गोळी चालू असलेल्या स्त्रीने चाचणी पॉझिटिव्ह येताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, हा अनेक डॉक्टर सुरुवातीला सांगतात तो मार्ग आहे. मूल हवं असं ठरवतानाच हे त्यांच्याशी बोलून ठेवलं तर उत्तम. पुढे गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात आणि तो २.५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

नेमकी अडचण अशी की याच काळात सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या घ्यायलाच हव्यात, पण थायरॉइडच्या गोळीबरोबर नाही. पहाटे थायरॉइडची, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची, रात्री लोहाची अशी वाटणी बसवता येते. बाळंतपणानंतर डोस पूर्वीइतका करतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

जास्त डोसची किंमत

टीएसएच जितका कमी तितकं बरं, वजनही उतरेल, असं समजून डोस वाढवणारे लोक आहेत. वजन त्याने फारसं उतरत नाही. हायपोथायरॉइडिझममुळे वाढणारं वजन मुळात थोडंच असतं. टीएसएच ०.१ च्या खाली बराच काळ राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. धडधड, हात कापणं, झोप न लागणं, उन्हाळा नसताना घाम येणं ही लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावं. छातीत दुखत असेल तर सरळ रुग्णालय गाठावं.

काही रुग्णांचा टीएसएच मात्र डॉक्टर मुद्दाम कमी ठेवतात. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांना असा डोस दिला जाऊ शकतो. शेजारच्या काकूंचा रिपोर्ट पाहून त्यांनी आपली गोळी कमी करू नये. याउलट, दोष पिट्युटरीतच असेल, उदाहरणार्थ बाळंतपणात खूप रक्तस्राव झाल्यानंतर, तर मुकादमालाच आवाज उरत नाही. टी-४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो. अशा रुग्णाचा डोस फ्री टी-४ पाहूनच ठरवावा लागतो. फक्त टीएसएच तपासून हा आजार वर्षानुवर्षं निसटू शकतो.

गोळी आयुष्यभर घ्यायची का?

हाशिमोटो असेल, ग्रंथी काढलेली असेल किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केलेली असेल, तर बहुधा हो. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ याचा अर्थ गोळी लागू पडते आहे, एवढाच. ती बंद केली की पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, कारण साठा शरीरात असतो, आणि त्यामुळेच फसायला होतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत सुरू झालेला थायरॉइडचा त्रास मात्र अनेकदा तात्पुरता असतो. सबक्लिनिकल अवस्थेत, एकाच रिपोर्टवर गोळी सुरू झालेल्या काहींनाही ती खरं तर लागत नसते. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी करून किंवा थांबवून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहता येतो. डोस स्थिर झालेल्यांना वर्षातून एकदा, फार तर दोनदा तपासणी पुरते, तीही बहुतेकदा फक्त टीएसएचची. त्यासाठी साठ-सत्तर चाचण्यांचं पॅकेज घेण्याची गरज नसते.